उजव्या नळीचं काडतूस बाहेर पडेना: बेळगावातल्या बंदूक दुरुस्तीचा अनुभव

सुरुवातीलाच सांगून टाकतो, दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. ज्या म्हाताऱ्या माणसानं माझी बंदूक नीट केली त्यांनीच बजावलंय, "नाव घालू नका ओ. उद्या गोव्यापासनं लोक येतील आणि माझी दुपारची झोप जाईल." बेळगावात परवान्याची बंदुकांची दुकानं आहेत तरी किती? हाताची बोटं पुरे होतात. सोमवारी आणि गुरुवारी बसणारे आर्मरर (बंदुका दुरुस्त करणारे) मामा कुठल्या दुकानात, एवढं विचारलंत की ज्याला गरज आहे त्याला पत्ता मिळेल.

मी वायव्य कर्नाटक परिवहनच्या डेपोत ३१ वर्षं मेकॅनिक होतो. इंजिन उतरवणं, गिअरबॉक्स खोलणं हा रोजचा धंदा. हे आधीच सांगतोय, कारण पुढं जो गुन्हेगार सापडणार आहे त्याला यंत्रातलं सगळं कळतं असा त्याचा स्वतःचा समज होता.

बंदूक वडिलांची. बारा बोअरची दुनळी, बर्मिंगहॅमची बनावट, बाहेर घोडे नाहीत, सगळं आत. वडिलांनी एका सावकाराकडून घेतली होती आणि ते गेल्यावर पीक संरक्षणासाठी परवाना माझ्या नावावर झाला. आमचं शेत जांबोटीच्या पलीकडं. भात, थोडा ऊस, वरच्या अंगाला काजू. बांध संपला की रान. रानडुकरं उसात आणि गवे भातात हे ठरलेलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद, आणि २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झाल्यापासून आमच्या भागात सगळेच जास्त जपून असतात. म्हणजे बंदुकीचं काम एकच: रात्री आभाळाकडं तोंड करून बार काढायचा. डुक्कर पळतं. तासाभरानं परत येतं, ती गोष्ट वेगळी.

आता रोग काय होता ते. साध्या दुनळीत बंदूक उघडली की दोन्ही काडतुसं थोडी वर उचलली जातात आणि ती तुम्ही बोटांनी ओढून काढायची. इजेक्टरच्या बंदुकीत, म्हणजे माझ्यासारख्या, तसं नसतं. प्रत्येक नळीला आपला स्वतंत्र इजेक्टर. ज्या नळीचा बार उडालाय तिचं रिकामं काडतूस बंदूक उघडल्याबरोबर ताडकन मागं फेकलं जातं, आणि जी नळी उडालेली नाही तिचं भरलेलं काडतूस नुसतं वर येऊन थांबतं. कुठलं फेकायचं आणि कुठलं ठेवायचं हे बंदुकीला कळतं. गेल्या शतकाच्या आधीच्या लोकांनी हे नुसत्या स्प्रिंगा आणि तरफांवर जमवलंय. डेपोत मी टायमिंग बसवायचो, त्यामुळं ह्या गोष्टीचं मला फार कौतुक.

गेल्या नोव्हेंबरात, भात कापून खळ्यावर आणलेलं असताना, रात्री उसात डुकरं शिरली. दोन्ही बार काढले. बंदूक उघडली, तर डावं काडतूस खांद्यावरून मागं उडालं आणि उजवं थोडं वर येऊन तिथंच बसलं. नखानं ओढलं, निघालं. दुसऱ्या रात्री त्याहून वाईट. उजवा इजेक्टर काडतुसाच्या काठाखालून निसटला, काडतूस परत नळीत घसरलं आणि इजेक्टर त्याच्या मागं उभा. आता बंदूक मिटेना आणि काडतूसही निघेना. पुतण्या बॅटरी धरून उभा, मी चाकूच्या टोकानं खरडतोय आणि उसातून डुकरांचा कडाकड आवाज. शेवटी ताट वाजवून हाकलली. बायको दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ताटच बरं की मग. परवाना पण लागत नाही."

आधी एका दुसऱ्या गावच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं बंदूक दोनदा उघडझाप केली, नळीखालचं लाकूडसुद्धा उतरवलं नाही आणि निदान केलं: स्प्रिंग गेली. विलायतेहून मागवावी लागेल, ९,५०० रुपये, बंदूक महिनाभर ठेवून जा. डेपोत असा एक मिस्त्री आमच्याकडंही होता. बोनेट न उघडता "रिंगा गेल्यात" म्हणायचा. मी बंदूक घेऊन परत आलो.

मग एका माजी सैनिक पाव्हण्यानं ह्या मामांचा पत्ता दिला. गुरुवारी सकाळी पुतण्याच्या जीपमधून निघालो. बंदूक सुटी करून खोळीत, काडतुसं घरी, परवान्याची मूळ प्रत खिशात. पिरनवाडी, उद्यमबाग, तिसरं रेल्वे गेट, आणि पुढं बाजारात गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास. दुकानाला स्वतःची पार्किंगची सोय नाही. खांद्यावर बंदुकीची खोळ घेऊन भर बाजारातून चालत जायचं म्हणजे लोक असे बघतात की आपण बँकच लुटायला निघालोय.

दुकानात आधी वही. परवाना नंबर, बंदुकीचा नंबर, कशासाठी आणली, सही. मालकानं नळीवरचा नंबर स्वतः वाचून परवान्याशी ताडून बघितला. ह्याला मी पूर्ण गुण देतो. मालक सगळ्यांना "सावकार" म्हणतो, माझ्यासारख्या पेन्शनवाल्यालासुद्धा, आणि सावकार म्हणता म्हणता परदेशी तेलाचा एक स्प्रेचा डबा हातात देतो. मी घेतला नाही.

मामा आतल्या खोलीत. वय चौऱ्याहत्तर, गाव गोकाककडचं, घरची भाषा कन्नड. मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ, फक्त घाई केलीत की कन्नडवर जातात. मी म्हटलं, "मराठा रेजिमेंटमध्ये होतासा काय?" बेळगावात फौजी दिसला की दुसरं कुणी काय विचारणार? ते म्हणाले, "सगळे हेच विचारतात. मी ईएमई. पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारा. पलटण बदलायची, मी फाईल घासत राहायचो." मी डेपोचा मेकॅनिक हे कळल्यावर त्या दिवसापुरतं माझं नाव "मिस्त्री" पडलं. चांगल्या अर्थानं की वाईट, ते तासाभरात कळलं.

पहिली गोष्ट त्यांनी काय केली असेल तर बंदूक उघडून दोन्ही नळ्यांत बोट घातलं. मी रिकामी आहे म्हणून सांगितलं होतं. मालकानं बघितली होती. तरी बोट घातलं. मग दोन डमी (बारूद नसलेली) काडतुसं भरली, बंदूक मिटली, दोन्ही चाप ओढले आणि उघडली. डावं उडून समोर टांगलेल्या पोत्यावर. उजवं जागच्या जागी. परत भरून नुसता उजवा चाप, परत नुसता डावा. मग इजेक्टर बोटानं दाबून सोडून बघितले. डावा मऊ, सरळ सरकतो. उजवा दाबला तर दबतो पण चिकटून, जुन्या खिडकीचं दार पावसाळ्यात उघडतं तसा.

"ह्यात काय घातलं होतं?" त्यांनी विचारलं.

इथं मला मागं जावं लागतं. २०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि नेहमीप्रमाणं बंदूक पोलीस ठाण्यात जमा. आमचा खानापूर तालुका जिल्ह्यानं बेळगावात, पण खासदार निवडायला उत्तर कन्नडमध्ये, तरी बंदूक जमा करायला दोन्हीकडं नियम एकच. ७ मेला मतदान, ४ जूनला निकाल, आणि बंदूक हातात आली तोवर कणकुंबीकडं पाऊस धरलेला. एवढे दिवस हात लागला नाही म्हणून मी तिचं फुल सर्व्हिसिंग केलं. दस्त्याला अळशीचं तेल तीन हात, सढळ. नळीखालच्या लाकडाला आतून-बाहेरून. आणि इजेक्टरच्या फटीत बोटानं दाबून दाबून ग्रीस. डेपोतून निवृत्त होताना एक डबा माझ्याबरोबर आला होता. (विकत घेतलेला. तसं कुणी विचारलं तर.)

हे सगळं मी अभिमानानं सांगितलं. मामांनी चष्मा काढला. "चेसिसचं ग्रीस?" मी म्हटलं होय. "मिस्त्री, ही बंदूक आहे ओ, अशोक लेलँड नव्हे."

दुकानाची तारीफ करायची तर इथं करतो. ते म्हणाले, बसा आणि बघा, पण हात लावायचा नाही. पुढचे तीन तास मी स्टुलावर बसून होतो आणि त्यांनी जे केलं ते मला दाखवून केलं. ९,५०० वाल्यानं मला काउंटरच्या आत पाऊलही टाकू दिलं नव्हतं.

नळीखालचं लाकूड आधी उतरवलं, ज्याला फोरएंड म्हणतात, मग नळ्या वेगळ्या. फोरएंडच्या लोखंडात प्रत्येक इजेक्टरसाठी एक लहान हातोडा आणि स्प्रिंग असते. बार उडाला आणि बंदूक उघडली की तो हातोडा सुटून इजेक्टरला ठोसा मारतो, आणि काडतूस उडतं ते त्या ठोशानं. रॉकर आर्म व्हॉल्व्हला मारतो तसं, हे मी म्हटलं तर पहिल्यांदाच मान डोलावली. एक ताकीद दिली: ह्या हातोड्यांशी खेळायचं नाही. एकदा सुटला की फोरएंड परत नळीवर बसत नाही आणि लोक मग ठोकून बसवायला बघतात. सुटलाच तर कठीण लाकडाच्या कडेवर दाबून परत चढवायचा. त्यांच्या टेबलाची एक कड त्यासाठीच झिजलेली दिसली.

नळ्या कातडं लावलेल्या शेगड्यात धरल्या. (व्हाइसला आमच्या डेपोत शेगडा म्हणायचे, बाहेर काय म्हणतात कोण जाणे.) इजेक्टरचे दांडे नळ्यांच्या खालच्या भोकांत सरकतात, आणि ते सरकून पूर्ण बाहेर पडू नयेत म्हणून खालच्या जाड लोखंडात एक अडवणारा स्क्रू असतो. सगळं त्या स्क्रूवर. त्याची खाच इतकी बारीक की आपल्या दुकानातला स्क्रू ड्रायव्हर तिच्यात बसतच नाही, आणि बसवला तर कडा खाऊन टाकतो. मामांकडं लाकडी मुठीचे दहा-बाराजण ओळीनं. एकेक खाचेच्या मापाला घासलेला, पातं टोकाकडं निमुळतं नसून दोन्ही बाजूंनी समांतर, म्हणजे खाचेत तळापर्यंत बसतं आणि उसळून वर येत नाही. तीन लावून बघितले, चौथा बसला. तरी फिरवला नाही. एक थेंब पातळ तेल सोडलं आणि चहा मागवला.

"फिरवा की आता," मी म्हटलं.

"सावकाश माडरी," ते म्हणाले, म्हणजे सावकाश करा. चहा संपेपर्यंत स्क्रूकडं बघितलंही नाही. मग मुठीवर हलकी टिचकी, वरून दाब, आणि पाव फेरा. सुटला. तिथं मी असतो तर पान्यावर पाइप लावला असता.

कागदावर त्यांनी बंदुकीचं चित्र काढलं होतं, स्क्रू त्या चित्रावर त्याच्या जागी ठेवला. डावा आणि उजवा इजेक्टर हातानं घासून बसवलेले असतात, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ते दोन्हीही चित्रावर आपापल्या बाजूला.

डावा दांडा काळवंडलेला होता, एवढंच. उजवा बघून मला तोंड लपवावंसं वाटलं. ग्रीसचा काळा गोळा, त्यात बारूदाचे न जळलेले कण, पितळेचा कीस, आणि ह्या सगळ्यावर पिवळट तपकिरी थर, नखानं निघत नाही असा. मामांनी तो थर मला वासाला दिला. अळशी. अळशीचं तेल हवेनं सुकून वार्निशसारखं कडक होतं, म्हणून तर आपण ते लाकडाला लावतो. मी फोरएंडला आतून सढळ पाजलं, बंदूक भिंतीला उभी करून ठेवली, तेल ओघळून लोखंडात गेलं आणि तिथं जाऊन त्यानं आपलं काम चोख केलं. उजव्या बाजूलाच का? भिंतीला टेकवताना मी ती बाजू खाली येईल अशी कलती ठेवायचो. स्प्रिंगला काहीच झालेलं नव्हतं. मामांच्या म्हणण्याप्रमाणं अशा चपट्या दुमडलेल्या स्प्रिंगा बहुतेक वेळा मोडतात तरी नाहीतर चालतात, हळूहळू म्हाताऱ्या होत नाहीत. "आमच्यासारख्या नव्हेत."

साफसफाई साधीच. रॉकेलची वाटी, जुना दातांचा ब्रश, आणि कोपऱ्यांसाठी बांबूची टोकदार केलेली काडी. लोखंडी टोच्या नाही. नळीखालच्या भोकात चिंधी गुंडाळलेली काडी घालून घालून चौदा वेळा काढली, मी मोजली, शेवटची पांढरी आली. एवढ्या चिवट थराला एमरी पेपर मारला तर दोन मिनिटांत निघेल, असं मी सुचवलं. त्यावर मिळालेलं उत्तर कन्नडमध्ये होतं आणि पुतण्यानं भाषांतर करायला नकार दिला. अर्थ नंतर त्यांनीच सांगितला: मापाला बसवलेल्या दांड्यावर एमरी फिरली की माप गेलं, मग तो भोकात खुळखुळतो, आणि काडतुसाच्या काठाखालून निसटणं कायमचं होतं. फोरएंडमधले हातोडे आणि स्प्रिंगा त्यांनी बाहेर काढल्याच नाहीत. स्प्रिंग दाबून धरायची पक्कड असल्याशिवाय त्या काढायच्या नाहीत, आणि पक्कड असली तरी गरज नसताना काढायच्या नाहीत. रॉकेलनं धुतलं, ब्रश मारला, सायकलच्या पंपानं फुंकलं, पुसलं.

मग त्यांनी एक लहान दिवा पेटवला. मला वाटलं देवाला. तर त्या दिव्याच्या धुरावर दांडा धरून त्याला काजळी चढवली, भोकात सरकवून बाहेर काढला आणि भिंगातून बघितलं. जिथं काजळी पुसली गेली तिथं लोखंड घासतंय. एका ठिकाणी चुकून राहिलेला थराचा ठिपका त्यात सापडला. माझ्या ३१ वर्षांत आम्ही निळा रंग लावून बेअरिंग बघायचो, तेच तत्त्व, पण दिव्याची काजळी कधी सुचली नव्हती.

तेल किती? कोंबडीचं एक पीस बुडवून झटकलं आणि दांड्यावरून एकदा ओढलं. बस्स. "तेल डोळ्याला दिसायचं नाही, बोटाला कळायचं," हे त्यांचं माप. कुठलं तेल ह्यावर ते भांडत नाहीत. बंदुकीचं पातळ तेल असेल तर उत्तम, जुने लोक रंगून ऑइल म्हणायचे ते आता कुठं मिळतंय, शिलाई मशीनचं चालेल. ग्रीस नको, अळशी लोखंडावर नको, आणि खोबरेल तर मुळीच नको. एका गिऱ्हाइकानं डिसेंबरात आणलेल्या बंदुकीत खोबरेल गोठून तुपासारखं झालं होतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि थंडीत खानापूर तालुक्यातल्या पहाटे त्याहून पुष्कळ खाली असतात. तो माणूस उन्हात येऊन "आता चालते की" म्हणाला होता.

जोडताना स्क्रूची खाच पहिल्यांदा जशी होती तशीच, नळीच्या रेषेत आणून थांबवली. मग डमी काडतुसं. दहा वेळा. दोन्ही एकदम उडाली पाहिजेत आणि शेजारी शेजारी पडली पाहिजेत. पहिल्या दोन वेळा उजवं किंचित मागं राहिलं, नंतर जमलं. दहाव्या वेळी पोत्यावर दोघांच्या मध्ये वीतभर अंतर.

तक्रारी आहेत, त्या पण लिहितो. फोन उचलत नाहीत. सोमवारी-गुरुवारी, ते पण साडेदहा ते एक. दीडला मी असताना दुसरं एक गिऱ्हाईक धारवाडहून आलं, त्याला सरळ परत पाठवलं. मजुरी आधी सांगत नाहीत, तीन तास छाती धडधडत बसावं लागतं. शेवटी ८५० रुपये सांगितले. डमी काडतुसांची जोडी मी घेतली ती ६०० ची, महाग वाटली, पण जुन्या बंदुकीचे चाप रिकाम्या नळ्यांवर ओढू नयेत म्हणून घेतली. पावती कन्नडमध्ये आणि तिच्यात एकच शब्द, सर्व्हिसिंग. काय काय केलं त्याचा तपशील मागितला तर मालक म्हणाला, "सावकार, तीन तास बघितलासा की." गॅरंटी देत नाहीत. नळ्या आतून साफ केल्या नाहीत, ते वेगळं काम म्हणे. आणि घरी येऊन बघतो तर फोरएंडच्या लाकडावर काजळीचा अख्खा अंगठा उमटलेला.

बोलणंही फटकळ आहे. गिऱ्हाइकानं "साहेब, साहेब" करून घ्यावं अशी ज्याची अपेक्षा असेल त्यानं जाऊ नये. पण एक गोष्ट मी विचारली नसताना त्यांनी सांगितली आणि तिचे पैसे लावले नाहीत. नळ्या उलट्या करून त्यांनी खालचे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे शिक्के वाचले. तिथं १८१३ पासून नळ्या तपासून शिक्का मारतात. माझ्या नळ्यांवर अडीच इंचाच्या काडतुसाचा शिक्का आहे, म्हणजे ६५ मिलिमीटर. मी इतकी वर्षं खडकीच्या कारखान्याचा जो डबा मिळेल तो घ्यायचो, लांबी कधी वाचली नाही. ७० चं काडतूस ६५ च्या जागेत जातं, बंदूक मिटते, म्हणून वाटतं बरोबर आहे. पण ती लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. तोंड उघडायला आत जागा नसली की दाब वाढतो. "जुनी बंदूक आहे मिस्त्री, आणि तुमचे डोळे दोनच."

वडिलांनी हे मला सांगितलं नव्हतं. त्यांना तरी कुणी सांगितलं असेल?

ठेवण्याबद्दलही दोन गोष्टी. बंदूक खोळीत ठेवायची नाही, खोळ फक्त नेण्या-आणण्यापुरती. कापड आणि कातडं पावसाळ्यात ओल धरतं, आणि आमच्याकडं जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. आणि उभी करायची तर नळ्यांचं तोंड खाली, म्हणजे लोखंडाचं तेल दस्त्यात मुरत नाही. मी आयुष्यभर दस्ता खाली करून ठेवलीय. बहुतेक सगळे तसंच ठेवतात.

परवान्याच्या नूतनीकरणाचं त्यांना विचारू नका, उगीच चिडतात. २०१९ च्या दुरुस्तीनं मुदत तीन वर्षांची पाच झाली हे त्यांच्या मते सरकारनं केलेलं एकमेव चांगलं काम. कोडगूच्या कोडव लोकांना परवान्यातून सूट आहे हा विषय निघाला की मालकही आत येऊन बसतो आणि मग दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत तुमचं काम होत नाही.

पाचपैकी चार. एक गुण फोनचा आणि अंगठ्याचा मिळून कापला.

परत आल्यावर चार दिवसांनी डुकरं आली. दोन बार, बंदूक उघडली, दोन्ही काडतुसं एकदम मागं. सकाळी नातवानं शोधून आणली, एक शेणकईजवळ आणि एक तिथून दोन हातांवर. ६५ चा डबा.

जाणार असाल तर मूळ परवाना न्या, झेरॉक्स चालत नाही. दहाच्या आत पोचा, घरी जेवून निघा, आणि बंदुकीत तुम्ही काय घातलंय ते खरं सांगा.